सातव्या बरणीतला यकृतकृमी

विज्ञानाचा पाया निरीक्षण हा आहे. ग्रंथात काय लिहिलं आहे, गुरू काय सांगतो, परंपरा काय मानते, हे सगळं बाजूला ठेवून सत्यशोधकाने समोरच्या वस्तूकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभागाच्या भिंतीवर हे वाक्य निळ्या रंगात रंगवलेलं होतं. रंगवणाऱ्याला शेवटी जागा कमी पडली, म्हणून त्याने ‘पाहावं’ हा शब्द खिडकीच्या दारावर काढला. खिडकी उघडली की तो दिसत नसे. आमच्याकडे उकाडा फार, त्यामुळे खिडकी बहुतेक उघडीच असायची.

या वाक्याखाली मी तीन वर्षं शिकले. आज सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, त्याचं श्रेय लोक माझ्या चिकाटीला देतात. ते एका बरणीला द्यायला हवं.

सुरुवात त्याआधीची. इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या एका गावात मी वाढले. अकरावीला जीवशास्त्र घेतलं आणि त्याच आठवड्यात गावात डॉक्टर झाले. आमच्याकडे गणित घेतलेल्याला कोणी इंजिनियर म्हणत नाही, इतिहास घेतलेल्याला तर काहीच म्हणत नाहीत, पण जीवशास्त्राची वही काखेत दिसली की माणूस अंगणात उभा राहून शर्टाची बटणं काढायला लागतो. शेजारची काकी पहिली आली.

“काऊन वो डाक्टरीनबाई, माहा गुडघा कायले दुखून राहिला?”

“काकी, आमाले अजून पानाचीच रचना शिकवून राहिले.”

“तं मंग पानाचंच सांग एखादं. कोनतं बांधू?”

मी निर्गुडी सांगितली. निर्गुडी गावात सगळ्यांनाच माहीत होती. पण ती माझ्या तोंडून आल्यामुळे काकीला आराम पडला, आणि माझा व्याप वाढला.

वैद्यकीय प्रवेश परीक्षा मी दोनदा दिली. पहिल्यांदा आमची ओळख झाली आणि दुसऱ्यांदा ती पक्की झाली. माझा नंबर जिथे लागला होता तिथून वैद्यकीय महाविद्यालय दिसतही नव्हतं. गावाने मात्र माझी पदवी काढून घेतली नाही. गाव एकदा दिलेलं परत घेत नाही. ते लक्षात ठेवण्याइतकी त्याला सवड नसते. मी तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला नाव घातलं आणि रोज सकाळी, गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी फाटकावरून गेली की सायकल काढू लागले.

त्याच वर्षी आईला ताप आला आणि तो उतरेना. आम्ही तिला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. तिथे वेगवेगळ्या खोल्यांमध्ये वेगवेगळ्या लोकांनी आम्हाला बरंच काही ऐकवलं: स्वच्छतेचं महत्त्व, उकळलेल्या पाण्याचं महत्त्व, वेळेवर न येणाऱ्या ग्रामीण माणसाचा स्वभाव. शेवटच्या खोलीत एक बाई बसली होती. पांढरा कोट, चपटी वेणी, पायात साधी चप्पल. तिने आईचं नाव विचारलं, दंड बांधला, शीर चाचपली, सुई आत गेली, नळी भरली. आई दुसरीकडे पाहत होती. बाई म्हणाली, “हो गया.” आईने विचारलं, “काय झालं?” बाई म्हणाली, “खून निकाल लिया.” आणि पुढच्या माणसाचं नाव विचारलं.

एवढंच. तिच्या कामात भाषण नव्हतं. शिवाय दुसऱ्या दिवशी तापाचं खरं कारण सापडलं ते तिच्या नळीत, महत्त्वांत नाही. मला तिच्यासारखं व्हायचं होतं. आयुष्यात मला एखादी गोष्ट इतकी नेमकी हवी होती, असं पहिल्यांदाच झालं.

त्यासाठी पदवीनंतर नागपूरला प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम करावा लागणार होता. जागा थोड्या. मी ज्या संस्थेत चौकशी केली तिथे पदवीला प्रथम श्रेणी नसेल तर अर्जच घेत नव्हते. पहिल्या दोन वर्षांत मी प्रथम श्रेणीच्या उंबरठ्यावर अशी उभी होते, की एक पाय आत होता आणि दुसरा कुठे आहे ते विद्यापीठाला ठरवायचं होतं. आईने पर्याय सरळ मांडला होता. “नंबर लागला तं जाय नागपूरले. नाही लागला तं बांध्या कोठी पळाल्या? रोवणीले एक बाई वाढन.” तिच्या बोलण्यात धमकी नव्हती. धानाच्या बांध्यांत रोपं लावायला, म्हणजे रोवणीला, बाई खरंच कमी पडायची.

म्हणजे सगळं तिसऱ्या वर्षावर, आणि तिसऱ्या वर्षातलं बरंचसं प्रात्यक्षिक परीक्षेवर. प्रात्यक्षिकाचे गुण घरचे समजले जातात. ते वाया घालवणारा विद्यार्थी विरळा.

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका भिंतीला पाच फळ्या होत्या आणि त्यांवर काचेच्या बरण्या. याला संग्रहालय म्हणत. त्यात तारामासा होता, समुद्रघोडा होता, समुद्राच्या तळाशी राहणारे आणखी बरेच जण होते. समुद्र आमच्यापासून पूर्वेलाही लांब आणि पश्चिमेलाही लांब. वर्गातल्या बहुतेकांनी तो पाहिला नव्हता, पण त्यातल्या रहिवाशांची वर्गीकरणं आम्हाला पाठ होती. खिडकीखाली धानाच्या बांधीत खेकडे, बेडूक आणि गोगलगायी खुशाल फिरत. त्यांच्याकडे कोणी शिक्षण म्हणून पाहत नसे.

फॉर्मलिनमध्ये फार वर्षं राहिलं की प्राणी स्वतःचा रंग सोडतो. आमचे सगळे प्राणी उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचे झाले होते. तारामासा आकारावरून तरी ओळखू यायचा. पंचाईत होती ती तिसऱ्या फळीची. तिथे नऊ बरण्या होत्या: आठ कृमी, आणि दुसरीकडे जागा नव्हती म्हणून शेवटी ठेवलेला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक हायड्रा. लेबलांची शाई केव्हाच उडून गेली होती. परीक्षेत टेबलावर दहा बरण्या मांडायचे, प्रत्येकीपुढे एक क्रमांक. दोन मिनिटं पाहायचं, नाव आणि वैशिष्ट्यं लिहायची, घंटा वाजली की पुढे सरकायचं. एका बरणीला दोन गुण.

यावर आमच्या विभागाने पूर्वीच तोडगा काढला होता. प्राणी ओळखायचा नाही, बरणी ओळखायची. लोणच्याची बरणी म्हणजे जंत. तडा गेलेली म्हणजे पट्टकृमी. ठेवली की डगमगते ती जळू. झाकणाला मेण लावलेलं आहे तो यकृतकृमी, म्हणजे गुराढोरांच्या यकृतात राहणारा, पानासारखा चपटा कृमी. ही यादी तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी निरोप समारंभात दुसऱ्या वर्षाच्या हवाली करत. आम्ही त्यांना एकेक पेन द्यायचो, ते आम्हाला यादी द्यायचे. पेन महिनाभर टिकायचं. यादी आमच्या जन्माच्या आधीपासून टिकली होती. विभागाचा निकाल दरवर्षी उत्तम लागायचा आणि त्याबद्दल विभागप्रमुखांचा स्वातंत्र्यदिनी सत्कार व्हायचा.

या यादीचे रखवालदार होते प्रयोगशाळेचे परिचर. सगळे त्यांना मामा म्हणत. मामा दहावीपर्यंत शिकलेले, पण बरण्या धुणं, फॉर्मलिन भरणं, परीक्षेच्या दिवशी घंटा वाजवणं, सगळं त्यांच्याकडे. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला उत्तरांची यादी तेच द्यायचे. प्राध्यापक बदलून जात, मामा राहत. एखाद्या नव्या सरांनी बरणी पुस्तकाशी ताडून पाहायला घेतली, की मामा म्हणत, “सर, तिले हात नका लावू, बूड कच्चं आहे.” सर बरणी खाली ठेवत.

मी तिसऱ्या वर्षाला असताना महाविद्यालयाला श्रेणी देणारी मूल्यांकन समिती येणार असं कळलं. प्राचार्यांनी सभागृहात आम्हाला सांगितलं की हा संस्थेच्या इतिहासातला सुवर्णक्षण आहे. पुढचे दोन महिने आम्ही त्या क्षणाला पाणी घालत होतो, कारण प्रत्येक वर्गाकडे पाच कुंड्या दिल्या होत्या. भिंतीवर तक्रारपेटी आली. पेटी रिकामी दिसू नये म्हणून एक तक्रार मलाच लिहायला सांगितली. मी लिहिलं की प्रयोगशाळेतला पंखा हळू फिरतो. दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये ‘तक्रारीचे निवारण झाले’ अशी नोंद झाली. पंख्याला ते कोणी कळवलं नाही.

आणि संग्रहालयाचं नूतनीकरण झालं. सगळ्या बरण्या एकसारख्या पाहिजेत, असा आदेश निघाला. एकाच आकाराच्या, निळ्या झाकणाच्या कोऱ्या बरण्या आल्या. जुन्या बरण्यांतले प्राणी मामांनी चिमट्याने उचलून नव्या बरण्यांत ठेवले. नोंदवहीत ज्या क्रमाने नावं होती त्या क्रमाने छापील लेबलं आली.

तिसऱ्या फळीवर मामांना एक अडचण आली. पहिली बरणी यकृतकृमीची, मेणाच्या झाकणाची. मामांनी मेण खरवडून झाकण काढलं. आत नुसतं गढूळ पाणी. यकृतकृमी कधीचा विरघळून गेला होता. म्हणजे कित्येक तुकड्यांनी या पाण्याकडे पाहून यकृतकृमीची वैशिष्ट्यं लिहिली होती, आणि त्यांना गुण मिळाले होते.

मामांनी पाणी मोरीत ओतलं, आठ प्राणी आठ नव्या बरण्यांत ओळीने लावले आणि पहिल्यापासून लेबलं चिकटवायला घेतली. पहिलं लेबल यकृतकृमीचं. ते पहिल्या बरणीला, म्हणजे जळूला लागलं. जळूचं लेबल पुढच्या कृमीला, त्याचं त्याच्या पुढच्याला. असं करत सगळी फळी एकेका नावाने सरकली. शेवटी हायड्राचा बारीक ठिपका होता त्या बरणीवर वीतभर लांबीच्या समुद्री कृमीचं नाव आलं, आणि हायड्राचं लेबल मामांच्या हातात उरलं. मामांनी एक कोरी बरणी घेतली, तिच्यात स्वच्छ फॉर्मलिन भरलं, निळं झाकण लावलं आणि ते लेबल तिला चिकटवलं.

हे त्यांनी मला खूप नंतर स्वतः सांगितलं, काही लपवायचं असल्याचा भाव चेहऱ्यावर नव्हता. “वहीत नऊ, तं फळीवर नऊ पाह्यजे. जनावराचं का आहे, ते कमीजास्त होतच राह्यते.”

समिती आली. आमच्या कुंड्यांवरून, रांगोळीवरून आणि स्वागतगीतावरून ती प्रयोगशाळेत पोहोचली. अध्यक्ष उंच, हळू चालणारे गृहस्थ होते. तिसऱ्या फळीपाशी ते थांबले. हायड्राच्या बरणीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं.

“वाह,” ते म्हणाले. “कितना डेलिकेट है.”

विभागप्रमुख म्हणाले की संवर्धन फार काळजीपूर्वक करावं लागतं, सर. महिन्याभराने श्रेणी आली, चांगली आली. अहवालात संग्रहालयाचा खास उल्लेख होता: ‘नमुन्यांचे नामांकन अचूक व अनुकरणीय’. ते वाक्य प्राचार्यांनी फ्लेक्सवर छापून फाटकाला लावलं.

वर्गात मात्र घबराट होती. तडा गेला, मेण गेलं, डगमग गेली. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान दोन दिवसांत मोरीतून वाहून गेलं होतं. नाइलाजाने आम्ही बरण्यांसमोर वह्या घेऊन उभे राहिलो आणि लेबल वाचून आतल्या वस्तूचं वर्णन पाठ करू लागलो. विभागाच्या इतिहासात विद्यार्थी प्रथमच प्राण्यांकडे पाहत होते, आणि एका फळीवर तरी प्रत्येक प्राणी दुसऱ्याच कोणाच्या नावाने पाठ करत होते. यकृतकृमी आमच्यापैकी कोणीच कधी पाहिला नव्हता, त्यामुळे तो कसा दिसतो याबद्दल आमच्यात एकमत होतं: चपटा, आखूड, टोकाला गोलसर. मीही तेच पाठ केलं. लेबल वाचून झालं की खाली पाहायची फारशी गरज उरत नाही.

परीक्षेच्या दिवशी लेबलांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. परीक्षक नागपूरहून आलेल्या एक मॅडम होत्या, निवृत्तीला आलेल्या, बोलणं कमी. मामा घंटा घेऊन दाराशी बसले. मी एकेक बरणी पुढे सरकत सातव्या क्रमांकाशी आले. चपटा, आखूड, टोकाला गोलसर. अर्ध्या मिनिटात ‘यकृतकृमी’ लिहून मोकळी झाले, वैशिष्ट्यंही लिहिली.

दीड मिनिट उरलं. बरणीवर वाचायला काहीच नव्हतं. म्हणून मी आत पाहिलं.

अंगावर बारीक वलयं होती, अंगठ्या एकाला एक लावून ठेवल्यासारखी. फॉर्मलिनमध्ये अंग आकसून चपटं झालं होतं, पण मागच्या टोकाला वाटीसारखा चूषक स्पष्ट होता. तो मला माहीत होता. पुस्तकातून नव्हे. दरवर्षी रोवणीच्या दिवसांत मी आईबरोबर बांधीत उतरायचे, आणि वर्षातून दोनतीनदा तरी पिंढरीला काहीतरी गार लागल्यासारखं व्हायचं. आई पदराच्या गाठीतून मिठाची चिमूट काढायची. “हालू नको. ओढलीस तं तोंड आतच राहीन.” मीठ पडलं की ती अशीच आखडायची आणि गळून पडायची, अगदी अशीच, या बरणीत होती तशी. माझ्या उजव्या पिंढरीवर अजून तीन टोकांची बारीक खूण आहे.

दोन गुण म्हणजे काय, हे त्या वर्षी माझ्याइतकं वर्गात कोणाला कळत नव्हतं. उत्तरांची यादी मामांची असते हे मला माहीत होतं. त्या यादीत सातव्या क्रमांकाला काय असणार हेही मला माहीत होतं. जे लिहिलं होतं ते तसंच राहू दिलं असतं तर नागपूर दोन गुणांनी जवळ आलं असतं. मी ते खोडलं आणि ‘जळू’ लिहिलं. याला धैर्य म्हणायचं कारण नाही. पिंढरीला खाज सुटली होती.

मामांनी घंटा वाजवली.

दुपारी तोंडी परीक्षा झाली. मॅडमसमोर पोह्यांची बशी होती, शेजारी विभागप्रमुख बसले होते. मॅडमनी माझा कागद काढला.

“सातवा. सगळ्या वर्गाने यकृतकृमी लिहिलंय. तुम्हीही लिहिलं होतं, मग खोडलं. का?”

“मॅडम, ती जळू आहे.”

विभागप्रमुख हसले. “अगं, यादी प्रमाणित आहे. घाबरलीस का?”

“कशावरून जळू?” मॅडमनी त्यांच्याकडे न पाहता विचारलं.

“अंगावर वलयं आहेत. यकृतकृमीला नसतात. आणि मागच्या टोकाला मोठा चूषक आहे.”

“कुठल्या पुस्तकात वाचलंत?”

“वाचलं नाही मॅडम. ती मला चावलेली आहे.”

मॅडम उठल्या, सातवी बरणी उचलली आणि खिडकीपाशी नेली. बराच वेळ उजेडात फिरवून पाहिली. मग मामांना बोलावलं.

“हे काय आहे?”

“यकृतकृमी,” मामा म्हणाले.

“ही जळू आहे.”

“असन मॅडम. पन आमच्याइथं तो यकृतकृमीच आहे. समितीनं पाह्यला.”

“समितीने काय पाहिलं?”

मामांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “लेबल.”

विभागप्रमुख आता हसत नव्हते. ही जर जळू असेल तर जळू म्हणून जी बरणी आहे ती कोण, आणि मग तिच्या पुढची कोण, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावरून फळीभर सरकत गेलेला मला दिसला. त्यांनी प्राचार्यांना बोलावणं पाठवलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. दार लावलं, खिडकी मात्र नेहमीप्रमाणे उघडी होती.

“मॅडम, अहवालात आमचं नामांकन अचूक आहे असं छापून आलंय,” प्राचार्य सांगत होते. “फाटकावर फ्लेक्स आहे. आता ते चूक आहे असं आम्ही म्हणायचं?”

“म्हणू नका. लेबलं बदला.”

“लेबलं बदलली तर अहवाल चुकीचा ठरतो.”

“मग या मुलीचं उत्तर बरोबर धरते.”

“तिचं धरलं तर वर्गातल्या बाकी सगळ्यांचं चूक धरावं लागेल. निकाल पडेल. श्रेणी निकालावर पण असते, मॅडम.”

मग पोह्यांच्या बशीत चमचा वाजल्याचा आवाज. मला आत काय ठरतंय त्यापेक्षा आत कोणत्या क्रमाने ठरतंय याचं जास्त नवल वाटत होतं: अहवाल, फ्लेक्स, निकाल, श्रेणी. जळूचा नंबर अजून लागला नव्हता. माझा तर त्याच्यानंतर होता.

थोड्या वेळाने दार उघडलं. निर्णय झाला होता. क्रमांक सात, ‘नमुना अस्पष्ट असल्याने’, रद्द. सर्वांना पूर्ण गुण. मॅडम सही करत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग पेनचं टोपण लावलं आणि गाडीची वेळ विचारली.

मी निघाले तेव्हा मामा दाराशी घंटा पुसत होते. रागावलेले नव्हते, दुखावलेले होते.

“बाई,” ते म्हणाले, “तुले पाहाले कोनं सांगतलं होतं?”

मी भिंतीवरच्या निळ्या वाक्याकडे पाहिलं. खिडकी उघडी होती.

निकाल लागला. प्रथम श्रेणी मिळाली, बरोबर एका गुणाने. म्हणजे जळूचे दोन नसते तर मी रोवणीला गेले असते. पण ते दोन गुण मला जळू ओळखल्याबद्दल मिळाले नव्हते, जळू रद्द झाल्याबद्दल मिळाले होते. आणि ज्यांनी ती ओळखली नव्हती त्यांनाही तेवढेच मिळाले होते. आईला हे समजावून सांगायचा मी प्रयत्न केला.

“म्हंजे जळू वळखली म्हून नंबर लागला?”

“नाही माय. ती कॅन्सल झाली म्हणून लागला.”

आईने जरा विचार केला. “मी गावात वळखली म्हूनच सांगतो. ते कॅन्सलचं कोनाले समजन?”

नागपूरचा अभ्यासक्रम झाला, परीक्षा झाल्या, आणि आता मी जिल्ह्यातल्याच एका ग्रामीण रुग्णालयात आहे. सकाळी आठपासून रांग असते. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की नाव कागदावरून वाचायचं नाही, समोरच्या माणसाला विचारायचं, आणि नळीवर त्याच्यासमोर लिहायचं. नव्या मुलींना हा नियम कंटाळवाणा वाटतो. मी त्यांना त्याचं कारण सांगत नाही, फार लांबतं. लोक मला अजून डॉक्टर म्हणतात. मी सांगते की डॉक्टर आत बसतात. “आत काय बी बसोत,” परवा एक आजोबा म्हणाले, “सुई तं तूच टोचून राहिली ना?”

गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयाने मला बोलावलं. ‘आरोग्य क्षेत्रातील संधी’ असा विषय होता. शाल, नारळ आणि एक कुंडी दिली. कुंडी मला ओळखीची वाटली. परिचय करून देताना सांगण्यात आलं की सूक्ष्म निरीक्षणाची जी सवय या विभागाने विद्यार्थ्यांना लावली, तिचं फळ आज व्यासपीठावर बसलेलं आहे. फळाने नमस्कार केला.

कार्यक्रम संपल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. पंखा त्याच वेगाने फिरत होता. तिसऱ्या फळीसमोर एक मुलगी वही घेऊन उभी होती, पहिल्या बरणीचं वर्णन उतरून घेत होती. चपटा, आखूड, टोकाला गोलसर. तिने विचारलं, “मॅडम, तुम्ही पुढे काय केलं? मला पण लॅबला जायचंय. फर्स्ट क्लास पाहिजे म्हणतात.”

“कुठून येतेस?”

“नवेगावकडून. शेती आहे आमची.”

“रोवणीला जातेस?”

“जातो ना.”

“मग त्याच्याकडे नीट पाहा,” मी म्हणाले.

तिने बरणीकडे पाहिलं, मग लेबलाकडे, मग माझ्याकडे. मागून मामांचा आवाज आला. त्यांची निवृत्ती झाली होती, पण बरण्यांचं दुसऱ्या कोणाला समजत नाही म्हणून त्यांना पुन्हा बोलावून घेतलं होतं.

“पोरीले गोंधळात नको पाडू वो. परीक्षा तोंडावर आहे तिची.”

तिला प्रथम श्रेणी हवी होती, आणि ती कशी मिळते हे मला माहीत होतं. मुलीने ‘यकृतकृमी’ या शब्दाखाली रेघ मारली आणि पुढच्या बरणीकडे सरकली.

मामा हातात फॉर्मलिनचा कॅन घेऊन आले होते. समिती पुन्हा येणार आहे, त्यांनी सांगितलं, म्हणून सगळं ताजं करून ठेवायचं आहे. त्यांनी हायड्राची बरणी खाली उतरवली, निळं झाकण काढलं, आतलं जुनं फॉर्मलिन एका भांड्यात अलगद ओतलं आणि ताजं भरलं. हे दर सहा महिन्यांनी करावं लागतं, ते म्हणाले, नाहीतर नमुना खराब होतो.